एकाच काचेवर

विचुंबे,
९ फेब्रुवारी २०२५

ती. कमलाकरदादास,

शशीचा नमस्कार. इकडे सगळे बरे आहोत. पाणी एक दिवसाआड येतंय, त्यामुळे सकाळ पिंपं भरण्यातच जाते. तुमच्या रोडपालीला तेवढं सुख आहे. फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले.

तुझा मेसेज वाचला. ‘वसुंधराचा रिपोर्ट मला एकट्याला पाठव. तिला गाठ साधी आहे म्हणून सांगितलंय, तेच तूही सांग. उगाच घाबरेल. आईला तरी कुठे सांगितलं होतं? शांतपणे गेली ना.’

शांतपणे? तू होतास कुठे, दादा? शेवटी शेवटी तिला कूस बदलता येत नव्हती. तू आणलेला लेप मी लावायचे आणि ती विचारायची, “शशी, साध्या गाठीला एवढं दुखतं का गं?” मी ‘हो’ म्हणायचे. कारण मलाही तू साधीच सांगितली होतीस. रिपोर्ट मागितला तर म्हणालास, हरवला. लॅबमध्ये काम करणाऱ्या बहिणीला!

आता वसुंधरावहिनीची तपासणी घरातल्या घरात राहावी म्हणून तिच्या गाठीचा तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा तू आमच्याच लॅबला पाठवायला लावलास. मग तिथे काय होतं तेही ऐक. त्या ठोकळ्याचा कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काचेवर घ्यायचा. काच प्रेशर कुकरमध्ये उकळायची. हसू नकोस, खरंच कुकर आहे, शिट्टी काढलेला. मग अँटिबॉडीचे थेंब टाकायचे. स्तनाच्या कॅन्सरवरची हार्मोनची गोळी पेशीत जिथे काम करते, नेमक्या त्याच जागेला ती जाऊन चिकटते. पण दिसत काही नाही. दिसावं म्हणून त्यावर आणखी थेंब टाकायचे, मग ती जागा तपकिरी होते. तपकिरी आली म्हणजे गोळी लागू पडणार.

पण रंगच बिघडलेला असला तर? म्हणून त्याच काचेवर, पेशंटच्या तुकड्याच्या वरच्या बाजूला, हमखास रंगणारा दुसरा तुकडा लावतात. त्याला कंट्रोल म्हणतात. तो रंगला नाही तर त्या दिवशी कुणाचाच रिपोर्ट जात नाही.

आमच्याकडे पाच वर्षं तो तुकडा आईचा आहे.

तुला हे कधी बोलले नव्हते. ती गेल्यावर शेवटच्या डॉक्टरांकडून मला खरं कळलं. हॉस्पिटलमधून तिचा ठोकळा मागून आणला, आमच्या लॅबच्या डॉक्टर रेवांना विचारून रंगवला. दादा, तो इतका गडद आला की मॅडम मायक्रोस्कोपवरून उठल्या आणि मला खुर्चीवर बसवलं. रोजची एक गोळी. आई आणखी कितीतरी वर्षं राहिली असती. त्या दिवसापासून पनवेलमधल्या कुणाकुणाच्या बायका-आया तिच्या भरवशावर तपासून घेतात, आणि मी रोज सकाळी तुझ्यावर संतापते.

परवा वहिनीची काच मीच रंगवली. वर आई, खाली वहिनी. दोघी तपकिरी झाल्या.

डॉक्टर रेवांनी सही केली आणि म्हणाल्या, “ज्याचा रिपोर्ट त्याच्या हातात.” मी वहिनीला लॅबमध्ये बोलावलं. मॅडमनी समोर बसवून सगळं समजावलं. ती रडली नाही. तिने आधी विचारलं, “म्हणजे गोळ्या लागू पडतील ना?” मग माझ्याकडे वळून, “यांना कधीपासून माहिती होतं?”

मी सांगितलं. पहिला रिपोर्ट आला तेव्हापासून.

“मला रोज विचारतात हो, लेप लावलास का म्हणून,” एवढंच म्हणाली. तिथून ती रोडपालीला गेलीच नाही, माझ्याबरोबर इकडे आली. आत झोपली आहे.

पुढच्या सोमवारी ऑपरेशन आहे. फॉर्मवर जवळचं माणूस म्हणून तिने माझं नाव लिहिलंय. कुठल्या हॉस्पिटलात, ते तुला सांगू नको म्हणाली. तू घाबरशील. तू घरीच थांब. गाठ कितपत पसरली होती, ती बरी होणार की नाही, यातलं तुला काय सांगायचं आणि काय नाही, ते वहिनी ठरवील.

आईची,
शशिकला