इशिताचा गॅरंटर

४ ऑगस्ट
इशिताला चादरींचं दुकान काढायचंय. माल पानिपतहून आणणार. आमच्या लोन कंपनीत ओळखीच्यांची फाइल करता येत नाही, म्हणून लोन दुसरीकडून. गॅरंटर मी, पत्ता आमचा, दिल्लीतल्या मयूर विहारचा. मीनाक्षी मॅडम (ब्रँच मॅनेजर) म्हणाल्या, दिवसभर लोकांना गॅरंटी समजावतोस, स्वतः कधी ऐकलंस का? एकाच कागदावर दोघांचे फोटो, खाली सह्या, दोन साक्षीदार. रजिस्टर लग्नात याहून वेगळं काय असतं?

२० सप्टेंबर
इशिता माल बघायला पानिपतला गेली ती तिकडेच. फोन उचलत नाही. चांगला माल निवडायला वेळ लागतोच.

६ ऑक्टोबर, सकाळी
हप्ता चुकला. लोन देणाऱ्या कंपनीच्या वसुलीतल्या दहियाजींचा फोन. दोन शब्द सुनावायचे ठरवले होते, पण माणूस फार गोड. बाबांचा गुडघा कसा आहे, विचारलं. गुडघ्याचं मी कुणाला बोललो नव्हतो.

१५ ऑक्टोबर
परत दहियाजी. म्हणाले, यार, माँजी देवळात एकट्याच जातात, रस्ता ओलांडताना जपायला सांगा. आमच्या सोसायटीत इतक्या आपुलकीने चौकशी कोण करतं?

२८ ऑक्टोबर
क्रेडिट स्कोअर आपटला. मॅडम म्हणाल्या, थकबाकीदाराने लोन वाटायची नसतात. डोकं फिरलं. राजीनामा टेबलावर आदळला. टाइप त्यांनीच करून ठेवला होता. कॉलेजही मी असंच बाणेदारपणे सोडलं होतं. घरी सांगायचं नाही.

३ नोव्हेंबर
दहियाजींनी नोकरी दिली. वसुलीची. म्हणाले, इशिता मॅडमना तुमच्याइतकं कोण ओळखतं, तुम्हीच शोधा. अखेर कुणाला तरी पटलं. शर्ट इस्त्रीला दिला.

५ नोव्हेंबर, परतीच्या बसमध्ये
सापडली. चादरीच्या कारखानदाराच्या घरी, त्याची बायको म्हणून. त्याने विचारलं, कौन है. म्हणाली, लोनवाले हैं जी. चहा दिला. हप्त्याचं काढलं तर मराठीत म्हणाली, गॅरंटर आहे ना, त्याच्याकडे जा, त्यासाठीच असतो तो. मी रोज लोकांना हेच सांगायचो.

दहियाजींना फोनवर तसं कळवलं. म्हणाले, चिंता नको, गॅरंटरकडे दोन माणसं पोचलीसुद्धा. माँजींनीच दार उघडलं.

आई फोन उचलत नाही. बाबाही.

बस मुरथलच्या ढाब्यावर थांबलीये. कंडक्टर म्हणतो, आरामात जेवून घ्या.