चार वाजताची पिशवी

सोमवार, ३ जून
सर्वप्रथम एका घोर अन्यायाची नोंद. इथे प्रत्येकाला पांढरा कोट टांगायला खुंटी आहे. माझी नेमकी दारामागे. दार उघडलं की मूठ थेट माझ्या कोटाच्या बरगडीत. बाकी सगळं झकास. पन्नाशीत नवी नोकरी, खिडकीशी टेबल, आणि शाळेच्या प्रयोगशाळेतले बेडूक कायमचे सुटले.

आता सांभाळायच्या त्या पेशी, पोटाच्या आतल्या अस्तराच्या. किडनी गेलेल्या माणसाच्या पोटात नळीनं औषधी पाणी भरतात, काही तासांनी पिशवीत काढून घेतात. त्या अस्तराला सूज का येते, हे या प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम शोधतात. काढलेल्या पाण्यातूनच पेशी मिळवून नंबर घातलेल्या बाटल्यांत वाढवतात. मला समजावून सांगावं लागलं नाही. ताईचं हे डायलिसिस दोन वर्षं मीच घरी करत होतो. तिच्या काही पिशव्या इथेच दिल्या होत्या.

गुरुवार, ६ जून
नऊ नंबरची बाटली दुपारी चारला गढुळली. मॅडमनी विचारलं, हात नीट धुतले होते ना. धुतले होते.

नळी जोडण्याआधी ताईही रोज हेच विचारायची. पूर्ण दोन मिनिटं, मनात एकशेवीसपर्यंत मोज, आणि पन्नासवरून थेट शंभरावर उडी मारू नकोस, तुझं गणित मला लहानपणापासून ठाऊक आहे, म्हणायची.

मंगळवार, ११ जून
पुन्हा चारलाच. तपासलं, जंतू एकही नाही. तरी पेशी सुजलेल्या. शेजारच्या आठ बाटल्या नितळ. काल मी रजेवर होतो, तेव्हा नऊही नितळ होती. मॅडम म्हणाल्या, तुम्हाला ओळखते वाटतं. सगळे हसले. मीही. बेडकांनी कधी ओळख दाखवली नव्हती.

गुरुवार, १३ जून
आज हातही लावला नाही. नुसता शेजारी उभा होतो. चार वाजले आणि तळातून धुरासारखं —

नऊ कुठून आली, ते जुन्या वहीत शोधलं. पेशंटचं नाव लिहीत नाहीत. पिशवीवरची चिठ्ठी तेवढी चिकटवतात. १४ नोव्हेंबर, दुपारी ४.
अक्षर माझं.

शुक्रवार, १४ जून
त्या दिवशी घाई होती. कसली, तेही आता आठवत नाही. ताईनं विचारलं, धुतलेस ना रे. हो म्हणालो. भरलेली पिशवी काढली, नितळ होती, इथे पाठवली. नवी जोडली. तशाच हातांनी.
तिसऱ्या दिवशी पाणी गढूळ. मग ताप. मग —
शेवटपर्यंत ती डॉक्टरांना सांगत होती, माझा भाऊ हात अगदी नीट धुतो.

सोमवार, १७ जून
नऊ आज टाकून द्यायची आहे.
चारला तीन मिनिटं असताना बेसिनशी गेलो. एकशेवीस. उडी मारली नाही. तिची दोन मिनिटं तिला दिली.

हात ओले. शाई फुटतेय. चार वाजले — पाणी गढुळलं नाही. आतून काहीतरी मऊ काचेला टेकतंय — थांबून थांबून — मोजल्यासारखं. मीही बरोबर मोजतोय. एकोणपन्नास. पन्नास. एक्काव —