शेठच्या ड्रॉवरमधलं कार्ड

मंगळवार, संध्याकाळ. सावेडी, ताईची गच्ची.

सुटलो एकदाचा. दोन वर्षं शिर्डीच्या हॉटेलात रूमबॉय होतो आणि दोन्ही वर्षं माझं आधार कार्ड शेठच्या ड्रॉवरमध्ये होतं. कोणी मध्येच सोडून जाऊ नये म्हणून सगळ्याच पोरांची कार्डं तिथं. आज सकाळी जाऊन सरळ मागितलं.

शेठ म्हणाले, "तुला इथं कमी काय हाय? झोपायला एसी, दोन टाईम जेवण."

"कमी काय न्हाई शेठ. कार्ड द्या."

ड्रॉवरची किल्ली त्यांना अर्धा तास सापडेना. मी उभाच. मागून सोबतचा गणपत कुजबुजला, "येड्या, बाहेर लई ऊन हाय." त्याचंही कार्ड त्याच ड्रॉवरमध्ये.

शेवटी कार्ड हातात पडलं. मग एसटी. राहुरीला उतरून दोन प्लेट भजी खाल्ली, एक भजं शेळीला दिलं, तिच्याशी बोलत बसलो आणि गाडी निघून गेली. दुसरी पकडली. खिडकीत बसल्यावर वाटलं, मला मोकळीक पाहिजे होती की नुसती भजी? खरंच कळेना.

ते आत्ता कळलं. शेठचा फोन आला.

"परत ये. तुला एकट्याला एसीची खोली देतो."

इथं घामानं शर्ट पाठीला चिकटलेला. मोह झाला, खोटं कशाला लिहू? विचारलं, "कार्ड माझ्याकडंच राहील ना?"

"ते तेवढं ड्रॉवरमध्येच ऱ्हाईल."

"मग खोली बी ऱ्हाऊ द्या," म्हणालो, आणि दोन वर्षांत पहिल्यांदा शेठच्या आधी मी फोन ठेवला.