विहिरीचे तीन दिवस

४ जून, मंगळवार
सकाळी सात. पाणी सहा मीटर चारशे तेरा मिलिमीटरवर. खडू संपत आलाय, स्टोअरमधून आणायचा.

विभागप्रमुख बाईंनी बोलावलं होतं. परदेशातल्या त्या विद्यापीठाशी आपला करार या महिन्यात संपतोय. नवे कुलसचिव म्हणतात, वीस वर्षं झाली, खूप झालं. बाई मात्र ठाम आहेत. म्हणाल्या, सगळं तुमच्या वहीवर आहे. रोजची नोंद, वीस वर्षं, एकही दिवस खंड नाही — असं दुसऱ्या कुठल्या करारात दाखवता येईल?

मी मान डोलावली. डोलवायला नको होती.

५ जून
सहा चारशे एकोणीस.

पट्टी पुसत बराच वेळ कठड्यावर बसलो. पोलादी पट्टी, शेवटच्या हातभर भागाला खडू फासायचा, हळू सोडायची, वर ओढायची. खडू जिथे ओला तिथे पाणी. एवढंच माझं काम. तिकडेही एक माणूस अशाच विहिरीवर, अशाच पट्टीनं, त्यांच्या सकाळी सातला हेच करतो. महिनाअखेरीला माझे आकडे त्याच्याकडे जातात, त्याचे माझ्याकडे येतात. एकमेकांची भाषा येत नाही. फोटो एकदाच पाहिला — उंच, टक्कल, लोकरी टोपी हातात धरून उभा. आमची ही त्याला 'तुमचे व्याही' म्हणते. आज विचारत होती, व्याह्यांकडून काही निरोप?

६ जून
सहा चारशे बावीस.

इथे तरी लिहितो. नऊ वर्षांपूर्वी वडील गेले. रातोरात गावी निघालो, कुणाला सांगायचं भान राहिलं नाही. चौथ्या दिवशी परतलो तर वहीत तीन ओळी कोऱ्या. त्या बघवेनात. वाटलं, आता सगळे म्हणणार, हा माणूस कामाचा नाही. मागचापुढचा अंदाज घेतला आणि भरून टाकल्या. चारशे दहा. चारशे वीस. चारशे तीस.

शाळेत गुरुजी सांगायचे, दिसेल तेवढंच लिही, नाही दिसलं तर जागा सोड. त्या तीन सोडल्या तर सात हजार ओळींत मी तेच केलंय. देवापुढे कितीदा कबूल केलं. पण वही देवाची नाही, दोन विद्यापीठांची आहे!

८ जून
सहा चारशे एकतीस.

हिला सांगितलं. ती भाजी निवडत होती, हात थांबले नाहीत. म्हणाली, "घरात मीठसुद्धा मोजून टाकायला लावता, आणि हे नऊ वर्षं पोटात ठेवलंत?" मग भाजीचं ताट बाजूला सारून, हळू आवाजात — "सांगून टाका. मामंजींच्या नावावर खोटं कशाला?"

वडिलांचं नाव यात येतं, हे मला सुचलंच नव्हतं.

१० जून, सोमवार
सहा चारशे सदतीस.

बाईंना सांगितलं. वही उघडून तिन्ही ओळींवर बोट ठेवलं. बाईंनी चष्मा काढला. सात हजारांत तीन, म्हणाल्या, आणि आत्ताच आठवल्या? मी म्हटलं, "एकही दिवस खंड नाही, असं लिहून त्याखाली तुम्ही सही करणार. ती सही खोट्यावर नको."

बाईंनी चष्मा परत लावला, कोरा कागद पुढे ओढला. मग म्हणाल्या, पत्र मी त्यांच्या भाषेत लिहिते, वाक्यं तुमची. मी तीनच सांगितली. वडील वारले होते. आकडे मी अंदाजानं लिहिले. ते दिवस कोरे समजा.

११ जून
कुलसचिवांना कळलं. म्हणाले, झालं, आता तर तेच करार मोडतील, आपल्याला तोंड उघडायलाच नको. बाई एवढंच म्हणाल्या, उत्तर येईपर्यंत फाइल बंद करू नका.

माझ्यामुळे सगळं जाणार. तिकडून आलेल्या दोन मुली सध्या माझ्याकडे पट्टी शिकताहेत. एकीनं आज अंदाजानं आकडा सांगितला. परत सोड म्हटलं. तिनं सोडली. दुसऱ्या वेळी बरोबर आला. दोघी हसल्या, मीही.

आजचा आकडा? सहा चारशे चाळीस. शेवटच्या घरात खरंच शून्य आलं! दोनदा पाहिलं.

१४ जून
उत्तर नाही. पण झोप लागते आहे. हेही देवाचंच देणं.

१७ जून
सहा चारशे त्रेपन्न. नवीन खडू ठिसूळ आहे.

१९ जून, बुधवार
उत्तर आलं. करार आणखी दहा वर्षं — सही करूनच पाठवलाय.

सोबत तिकडच्या वहीतल्या एका पानाचा फोटो. माझे तेच तीन आकडे, त्यांच्याभोवती पेन्सिलीचं वर्तुळ. वर्तुळाखाली लिहिलेली तारीखही नऊ वर्षांपूर्वीची. शेजारी टोपीवाल्याच्या अक्षरात एक ओळ. बाईंनी वाचून अर्थ सांगितला, आणि खिडकीकडे वळल्या:

'तिन्हींच्या शेवटी शून्य. हा माणूस पट्टी अशी वाचत नाही. त्याच्या घरी काहीतरी झालं असावं.'