रिबकाला विचारलं होतं

प्रिय आत्या,

शुद्धलेखनाला हसू नकोस, आणि पत्र उशिरा आलं म्हणून रागवू नकोस. एका बोटाने टाइप करतेय, इस्त्रीवाल्या मावशीच्या फोनवर, कपड्यांच्या गठ्ठ्यामागे बसून. एक ओळ झाली की उठते, एका शर्टाला इस्त्री मारते, परत बसते. शाळा सोडल्यापासून एवढं लांबलचक काही लिहिलं नाही. आज धड बसवतही नाही आणि उभंही राहवत नाही.

आमच्या वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या नर्सबाई आठवतात ना? त्यांना आता दिसत नाही, म्हणून दुपारी मी त्यांना बायबल वाचून दाखवते. "राजांच्या याद्या नकोत, डोकं उठतं. बायकांचं वाच," म्हणतात. मी चारचौघांत तोंड उघडत नाही, गोगलगाय हे नाव तूच ठेवलंस. पण वाचताना माझा आवाज खणखणीत निघतो. शब्द माझे नसतात ना. जळतं गाव सोडून पळताना, देवाने नको म्हटलेलं असूनही, लोटाच्या बायकोने मागे वळून पाहिलं आणि ती मिठाचा खांब झाली, तेव्हा नर्सबाई म्हणाल्या, "गॅस बंद केला का ते बघत असेल बिचारी." मी इतकी हसले की पानच हरवलं.

मग इफ्ताहच्या मुलीची गोष्ट आली. इफ्ताह लढाईला जाताना देवाला नवस बोलतो, जिंकून आलो तर माझ्या दारातून जे पहिलं बाहेर येईल त्याचा तुला बळी देईन. जिंकून येतो, आणि दारातून डफ वाजवत, नाचत येते त्याची एकुलती एक पोर. तो कपडे फाडून रडतो, पण म्हणतो, आता शब्द देऊन बसलो. अख्ख्या गोष्टीत तिला नावसुद्धा नाही. माझा आवाजच बसला. नर्सबाईंनी विचारलं, काय झालं गं? म्हटलं, खोकला.

खोकला नव्हता, आत्या. गेल्या आठवड्यात मी बाबांचा डबा घेऊन गॅरेजवर गेले. त्यांचे मालक बायकामुलांसकट परदेशी राहायला चाललेत. मुलं सांभाळायला, घर बघायला विश्वासातली मुलगी हवी, असं ते बाबांना सांगत होते, आणि नेमकी मी दारात. बाबा हसत म्हणाले, "ही काय आली! हिलाच घेऊन जा." मालकांनी तिथल्या तिथे हात मिळवला. मी डबा ठेवला आणि आले.

बाबांच्या नंतर लक्षात आलं असावं. घरी माझ्याकडे बघत नाहीत, एकच पाना पुसत बसतात. आई म्हणते, "शब्द दिलाय त्यांनी, आता कसं फिरायचं? आणि तू तरी कुठे काही बोललीस?" खरंय, कुठे बोलले? पण मला कुणी विचारलंच नाही, आणि विचारल्याशिवाय माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. तेव्हापासून हाताला चैन नाही. वकिलांच्या पांढऱ्या शर्टावर इस्त्री तशीच राहिली. मावशी ओरडली, "लक्ष कुठंय महाराणींचं?"

काल रिबका वाचली. परमुलखातून एक माणूस आपल्या धन्याच्या मुलासाठी तिला मागायला येतो. बाप, भाऊ हो म्हणतात, दागिने येतात, सगळं ठरतं. दुसऱ्या दिवशी तो म्हणतो, आत्ताच निघू. तेव्हा घरचे म्हणतात, थांबा, मुलीला बोलवा, तिलाच विचारू. आणि विचारतात गं! या माणसाबरोबर जातेस का? ती म्हणते, जाते. ती गेली त्याचं मला काही नाही. तिला विचारलं, त्याचं आहे. मी तेवढंच परत परत वाचत राहिले. नर्सबाई म्हणाल्या, "रेकॉर्ड अडकली का?"

रविवारी मालक घरी येणार आहेत, सगळं पक्कं करायला. तूही येणार आहेस, म्हणून लिहितेय. बाबांशी भांडू नकोस, त्यांना तोंडघशी पाडू नकोस. तू त्यांची मोठी बहीण, तू आलीस की ते खुर्ची सोडून उभे राहतात. मी पाणी घेऊन बाहेर येईन, तेव्हा सगळ्यांसमोर मला एवढंच विचार, जातेस का? मग लगेच दुसरं काही बोलू नकोस, मला वेळ लागतो. उत्तर मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर माझ्याऐवजी तूच सांगून मोकळी होशील.

खालच्या न्हाव्याने मिशी काढली. सकाळपासून लोक त्याच्याच दुकानात येऊन त्यालाच विचारतायत, दुकानवाले कुठे गेले?

तुझीच,
गोगलगाय