उतरलेली पट्टी

साल्टो, ४ जून २००१

प्रिय अन्सेल्मो यास, सप्रेम नमस्कार वि. वि.

तुझ्या चालीवर शब्द बसवले, गाऊन कॅसेट भरली, सोबत धाडतो आहे. तीस वर्षं आपली हीच रीत. तू माँटेव्हिडिओत बसून ला-ला-ना-ना करत चाल पाठवायची, मी इथे त्या ला-लाच्या जागी माणसाचं बोलणं घालायचं. एका खोलीत बसलो की आपण भांडतो, म्हणून बँड टिकला तो टपालखात्याच्या कृपेने.

घशाच्या ऑपरेशनची जखम भरली. तुझी बहीण मला बोलू देत नाही, 'माते' या कडू चहाचा थर्मास मात्र हलू देत नाही समोरून. कंपनीला नव्या रेकॉर्डवर कुणी तरुण गायक हवा आहे आणि मी फक्त लिहावं, असं तू कळवलंस. शब्द माझे आणि तोंड दुसऱ्याचं, हे मला जमायचं नाही. तसंच करायचं असेल तर शब्दही दुसऱ्याकडून घे. मी रागावणार नाही, पण पुन्हा लिहिणारही नाही.

तुझा,
एवारिस्तो

माँटेव्हिडिओ, ११ जून

प्रिय दाजी, सा. न. वि. वि.

कॅसेट ऐकली आणि डोक्यात तिडीक गेली. मी धावती चाल पाठवली होती, तुम्ही ती अंत्ययात्रेला लावलीत. पट्टीसुद्धा दीड सूर खाली. तुमचं ते जुनं कॅसेट भरायचं यंत्र बिघडलं असणार. आपला ड्रमवाला ओस्मार म्हणतो, यावर खुर्चीत बसूनच नाचावं लागेल. पण धक्क्यावर होडीची वाट बघणाऱ्या बाईचं कडवं आलं तेव्हा त्याने ड्रमच्या काठ्या खाली ठेवल्या. शब्द उत्तम उतरलेत, ते कबूल.

कंपनीला मी अजून होकार दिलेला नाही. यंत्र दुरुस्त करा, मूळ पट्टीत गाऊन पाठवा, म्हणजे ती कॅसेट त्यांच्या टेबलावर आपटतो आणि विषय संपवतो. ताईला नमस्कार. राग नसावा, असला तर शब्दांत घाला.

आपला,
अन्सेल्मो

साल्टो, १६ जून

चि. अन्सेल्मो यास देलियाताईचा आशीर्वाद.

हे पत्र यांच्या नकळत लिहिते आहे. यंत्राला काहीही झालेलं नाही, मी रोज त्यावर गाणी ऐकते. यांनीच मुद्दाम हळू आणि खालून गायलं. तुझं पत्र आल्यापासून हे मागच्या खोलीत दार लावून मूळ पट्टीत गाऊन बघतात. वरच्या सुराला आवाज फाटतो, मग खोकला येतो. तुझी बोटं देवदयेने गिटारवर अजून धावतात, यांचा घसा आता धावत नाही.

काल मला म्हणाले, यंत्र बिघडलंय असंच त्याला वाटू दे. म्हणून सांगते, कीव करणारं पत्र मुळीच पाठवू नकोस. तुझ्या किवेचा वास जरी आला तरी हा माणूस पेनसुद्धा उचलणार नाही. मला भीती वाटते ती त्याचीच. यांनी गायला हवं. कसं, ते तू बघ.

तुझी,
ताई

माँटेव्हिडिओ, २१ जून

प्रिय दाजी, सा. न. वि. वि.

यंत्राचं राहू द्या. मला एक लाजिरवाणी गोष्ट सांगायची आहे. जूनच्या या थंडीत माझ्या डाव्या हाताची बोटं आखडायला लागली आहेत. ताणलेल्या तारा दाबवत नाहीत, वेगही झेपत नाही. तेव्हा बँडमध्ये सगळ्यांच्या तारा दीड सूर उतरवून घेतल्या. जुनी गाणीही यापुढे याच पट्टीत आणि जरा दमाने होतील. ओस्मार कुरकुरला, पण त्याचे खांदेही काही कोवळे राहिलेले नाहीत.

कंपनीचा तो नवा गायक येऊन गेला. इतक्या खाली त्याचा आवाज लागतच नाही. गेला बिचारा. कंपनीच्या माणसाला सांगितलं की गाणी दोघांच्या नावावर आहेत, दोघं मिळूनच येतील. त्याने करार मागे घेतला. घेऊ दे. रेकॉर्ड आपण आपली काढू.

तुमच्यासारख्या गायकाला या पट्टीत गायला कमीपणा वाटेल, हे मी जाणतो. पण थकल्या मेहुण्यासाठी एवढं सांभाळून घ्या. तालीम पुढच्या गुरुवारी आहे. भांडायच्या तयारीने या.

तुमच्या लोभातला,
अन्सेल्मो