शेवटच्या पानावरचं बोलणं

मंगळवार, संध्याकाळ

सुपरहिरोंच्या टोळीचे सुटे कॉमिक्स शिवून वाचनालयाला एक जाडजूड पुस्तक मीच करून दिलं. मागं अभिप्रायाचा कागदही मीच डकवला. आज ग्रंथपालबाईंनी तो वाचून दाखवला. सगळ्यांचं एकच, शेवटच्या पानावरचं बोलणं कापलंय. कडा कापताना कटर एवढा आत गेला आणि मला दिसलंच नाही? डोळ्यांनी दगा दिला की.

बाई म्हणाल्या, "काका, लई केलंत. आता बाइंडिंग राहू द्या तुमी."

दुधनी गावच्या एका पोरीनं विचारलंय, मागं एकटी राहिलेली ती नायिका शेवटी काय म्हणाली? शिवायच्या आधी मी वाचलं होतं. तिच्या प्रश्नाखाली लिहिलं, तुम्ही पुढं व्हा, मी थांबते.

बाई हळूच म्हणाल्या, "काका, 'थांबते' कागद सोडून टेबलावर गेलंय."